कोरडा दिवस

दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत आमच्या दापोडीच्या गल्लीत एक वास येतो. पाऊस थांबलेला असतो, पण पाणी गेलेलं नसतं. रेल्वेच्या रुळांकडच्या खड्ड्यांत, पत्रे उडू नयेत म्हणून वर टाकलेल्या जुन्या टायरांत, कुणाच्या फुटक्या माठात ते साचून राहतं आणि त्यावर दिवसभर कडक ऊन पडतं. हिरवट, कोमट असा तो वास. शाळेत शिकवून येताना गल्लीच्या तोंडाशी तो नाकात शिरला, की माझी बोटं आपोआप आत वळतात. मूठ नीट मिटते का, ते मी पाहून घेते. मिटते. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन घराकडे वळते.

परवा हिवताप खात्याचा माणूस येऊन गेला. खाकी कपडे, खांद्याला झोळी, कानावर पेन्सिल. आमच्या दाराशेजारी भिंतीवर चौकोन आखून ठेवलेले आहेत. आलं की तो त्यात तारीख टाकतो. त्यानं विचारलं, "घरात कुणाला ताप?"

"नाही."

"पाण्याचा ड्रम कुठंय?"

मी ओट्याच्या टोकाकडे बोट केलं. ड्रम पालथा घातलेला होता. त्याच्या तळावर माझ्या सासूबाईंनी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. तो हसला. "आजी, सगळ्या गल्लीत तुमचंच घर शहाणं."

सासूबाईंनी एकेक मिरची उलटी करून दुसऱ्या अंगावर ठेवली. त्यानं चौकोनात तारीख घातली आणि पुढच्या दाराकडे गेला.

त्यांना मी आत्या म्हणते. घरात आता आम्ही तिघीच. आत्या, मी आणि आमची लेक सुजाता. हे, म्हणजे माझे पती, गेल्या उन्हाळ्यात गेले. छातीत कळ आली आणि संपलं. भेटायला येणारे म्हणायचे, "काही आजार नव्हता हो त्यांना." मी मान हलवायची. आजार नव्हता हे खरंच. ताप येऊन गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती, आणि तापातून ते बरे झाले होते. सगळे तसंच म्हणत.

तो मोसम मात्र दर वर्षी परत येतो, आणि मला वाटतं, त्याच्याबद्दल कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवायला हवं.

तापाचं ते वर्ष दुष्काळानंतरचं. आदल्या वर्षी आत्या बार्शीकडच्या आपल्या गावाहून आमच्याकडे आल्या होत्या. येताना त्यांच्याबरोबर एक गाठोडं आणि एक तांब्याची घागर होती, तिला पोचे पडलेले. गावातली जनावरं गेली होती. आत्यांनी उन्हाळाभर दुष्काळी कामावर खडी फोडली होती. हाताची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली होती. गाडीतून उतरल्यावर घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो असा, "नळ किती वेळ येतो?"

नळ सकाळी थोडा वेळ यायचा आणि करंगळीएवढा. आत्यांना ते पुष्कळ होतं. भंगाराच्या दुकानातून यांनी तेलाचा एक लोखंडी ड्रम आणून घासूनपुसून दिला, तेव्हा त्या ड्रमभोवती त्या एखाद्या नव्या गाईभोवती फिरावं तशा फिरल्या. मग तो ड्रम कधी रिकामा झाला नाही. रोज वर भर पडायची, रोज वरचंच काढलं जायचं. तळाचं पाणी कुठल्या महिन्यातलं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. घागर, हंडा, तपेली, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, सगळं भरलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं ओट्याला, ओट्याचं दारातल्या तुळशीला. तुळस शेजारणीची होती, पण पाणी आत्यांचं.

मी शहरात वाढलेली, शिकलेली. सुरुवातीला मला हे जास्त वाटायचं. एकदा मी पेल्यात उरलेलं पाणी मोरीत टाकलं. आत्यांचा श्वास आत ओढलेला मला ऐकू आला, जसा मूल पडताना बघणाऱ्याचा ऐकू येतो. रात्री यांनी मला समजावलं. त्यांच्या गावात आमच्या माणसांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. खाली घागर घेऊन बसायचं. वरची कुणी बाई आली आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून ओतणार. नाही आलं तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायचं. पुढे विहीर सगळ्यांना मोकळी झाली असं म्हणत. तोवर आत्यांचं अर्धं आयुष्य खाली बसण्यात गेलं होतं. आणि मग विहीरच आटली.

"हा ड्रम तिच्या मालकीची विहीर आहे," हे म्हणाले. "तिच्यावर चढायला तिला कुणाला विचारावं लागत नाही."

यांचे कारखान्यातले जोडीदार सोपानराव एका रविवारी घरी आले होते. चाकणजवळच्या कुरुळीचे, पिढ्यान् पिढ्या शेती असलेल्या घरातले. ओट्यावर टेकून म्हणाले, "आत्याबाई, पानी द्या की वाईच." आत्यांनी तांब्या राखेनं पुन्हा घासला, भरला, आणि दाराच्या आतच थांबून पुढे केला. सोपानरावांनी घटाघटा संपवला आणि तांब्या परत पुढे केला. "आनखी द्या. गार हाय तुमचं पानी."

त्या आठवड्यात ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना कळली. आत्या ज्याला त्याला सांगत होत्या, "मोठ्या घरचा मानूस. माझ्या ड्रममधलं दोन तांबे प्याला."

हिवतापाचा माणूस तेव्हाही यायचा. तेव्हाचा वेगळा होता, वयस्क, दम लागणारा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून वाळवायची, असं तो दारोदार सांगत फिरे. "कोरडा दिवस पाळा, बाई. एकच दिवस."

आत्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कोरडा दिवस? आमी अख्खं वरीस कोरडा दिवस पाळलाय बाबा. आता तुमी पाळा."

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. तोही हसला. मीही हसले. ड्रम भरलेला राहिला.

ताप गल्लीच्या खालच्या टोकाला सुरू झाला आणि दारादारांतून वर आला. सकाळी धडधाकट उठलेला माणूस दुपारी अंथरुणात. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर पुरळ, आणि सांधे असे धरलेले की कूस बदलताना मोठी माणसं लहान मुलांसारखी रडायची. कुणी त्याला हाडमोड्या ताप म्हणे. आमच्याकडे आधी सुजाताला आला, मग मला, मग आत्यांना, आणि शेवटी यांना. सुजाताचा तीन-चार दिवसांत उतरला आणि ती अंगणात ठिकरी खेळायला लागली. माझे घोटे पंधरवडाभर दुखले. आत्या दोन दिवस निजल्या आणि तिसऱ्या दिवशी नळावर उभ्या राहिल्या. मोडायला आत्यांकडे हाडंच उरली नव्हती, असं शेजारीण म्हणाली.

ताप उतरलेली माणसं बाहेर दिसायला लागली, तेव्हा गल्ली ओळखू येईना. तरणीताठी माणसं कमरेत वाकून, भिंतीला धरून चालत होती. कंपनीच्या बसला जाणारी रांग पेन्शनीतल्या माणसांची वाटायची. दोन पोरगे एकमेकांना "काय आजोबा, कसं काय?" म्हणत. "बरं हाय आजोबा. काठी कुठं ठेवली?" हसताना त्यांच्या बरगड्या दुखत आणि ते पुन्हा हसत. सगळ्यांना ठाऊक होतं की हे काही दिवसांचं आहे. आणि बहुतेकांचं ते काही दिवसांचंच ठरलं. दिवाळीपर्यंत माणसं सरळ झाली. आजोबा पुन्हा पोरगे झाले.

हे सरळ झाले. चालायला लागले, जेवायला लागले. फक्त हात राहिले.

आमच्या गल्लीतले डॉक्टर चांगले होते. त्यांनी यांची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. "व्हायरसचा ताप आहे हा. त्याला औषध नसतं, तो आपला येतो आणि जातो. सांधे सुटायला वेळ लागतो कुणाकुणाला."

"किती वेळ?" हे म्हणाले.

डॉक्टरांनी बोट सोडलं. "तेवढं मला सांगता आलं असतं, तर बरं झालं असतं."

सकाळी यांची मूठ मिटत नसे. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची, जणू हातात न दिसणारा पेला आहे. मनगटं सुजलेली दिसत नव्हती, लाल नव्हती, गरमही नव्हती. पाहणाऱ्याला काही दिसत नव्हतं. मी परातीत मीठ घालून ऊन पाणी ठेवायची. आत्या निर्गुडीचा पाला रुळांकडून तोडून आणायच्या. हे परातीत हात बुडवून बसायचे, आणि सुजाता समोर बसून "आता मिटा, आता उघडा" असं शिकवणीसारखं म्हणायची. तास-दीड तासाने बोटं थोडी ऐकायला लागायची. बाहेर गार वारा सुटला की ती पुन्हा हट्टाला पेटायची.

हे कारखान्यात स्क्रेपिंग करायचे. लग्नानंतर बरेच दिवस मला कळत नव्हतं की हे काम म्हणजे काय. मग एकदा यांनी पोळपाट घेऊन समजावलं. मोठ्या मशीनचा बेड असतो, म्हणजे बीडाची, ओतीव लोखंडाची बैठक. तो यंत्रावर सपाट करून येतो, पण खराखुरा सपाट नसतो. मग एक अगदी सपाट पट्टी घ्यायची, तिला निळा रंग पुसट लावायचा आणि ती बेडवर फिरवायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा डाग उमटतो. तेवढाच डाग पात्यानं खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. दिवसच्या दिवस. सगळीकडे सारखे, बारीक डाग उमटायला लागले की बेड झाला. शेवटी तेल धरून राहावं म्हणून त्यावर पात्याच्या झटक्यानं छोट्या छोट्या कोरी उठवायच्या, ओळीत, माशाच्या खवल्यांसारख्या.

"प्रत्येकाची कोर वेगळी," हे म्हणाले होते. "सोपानची रुंद. माझी बारीक आणि डावीकडं झुकलेली. कुणी न सांगता ओळखतात."

त्यांच्या नखांत तो निळा रंग कायम असायचा. पोळीवर, सुजाताच्या फ्रॉकच्या कॉलरवर, माझ्या वाचनालयाच्या पुस्तकांच्या कडांना. मी पुस्तक परत करायला गेले की ग्रंथपाल निळ्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "घरी दुसरे वाचकही आहेत वाटतं."

असं ते काम. ते सगळं मनगटाचं.

ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी हे सायकलवरून कामाला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच उतरले. ब्रेक दाबता येत नव्हता. त्या दिवसापासून ते लवकर निघायचे आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं सायकल हातात धरून पिंपरीपर्यंत चालत जायचे. सायकल घरी का ठेवत नव्हते, असं मी विचारलं नाही. ते मला कळत होतं. हातात सायकल असलेला माणूस पंक्चर झालेला असतो. बिनसायकलीचा माणूस आजारी असतो.

"दामूभाऊ, रोजच पंक्चर तुमची?" बसमधून कुणीतरी ओरडायचं.

"रस्त्यात खिळे फार, राव," हे म्हणायचे.

त्या महिन्यांत मी वाचनालयातून आरोग्यावरची मिळतील ती पुस्तकं आणली. मी हळू वाचणारी. शब्द सापडेपर्यंत पान सोडत नाही. तापांची प्रकरणं होती. ताप कसा येतो, कसा चढतो, पथ्य काय. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी रोगी बरा होत होता किंवा मरत होता. बरा झाल्यानंतर परातीत हात बुडवून बसलेल्या माणसाबद्दल एकही ओळ नव्हती. तापाला नाव होतं; त्याच्या मागे जे राहिलं, त्याला नव्हतं. शेजारी वात म्हणत. कारखान्यात अशक्तपणा म्हणत. आणि ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल माणूस फार दिवस बोलू शकत नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलायला लागतो. "अजून दुखतं?" ह्या प्रश्नातला "अजून" हळूहळू लांबत जातो. हे तो चेहरा येण्याआधीच म्हणायला शिकले, "आता बरंय."

घरात मात्र वेगळं असायचं. शर्टाची बटणं मी लावायची. पेला ते दोन्ही तळव्यांत धरायचे, चिमणी धरावी तसा. रस्ता ओलांडताना सुजाता आधी यांच्या बोटाला धरायची. एकदा तिनं ओढलं आणि यांच्या तोंडून आवाज निघाला. त्यानंतर ती न सांगता यांच्या बाहीला धरायला लागली. अजूनही, इतकी मोठी झाली तरी, ती माझ्याबरोबर चालताना माझ्या पदराला धरते, हाताला नाही.

कारखान्यात सोपानरावांनी काय केलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. बेडच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला हे. सुपरवायझर साहेबांची पाठ वळली की सोपानराव बाजू बदलायचे. हे निळा लावायचे, पट्टी फिरवायचे, डाग बघून सांगायचे. पातं सोपानराव चालवायचे, दोघांचंही. एक बेड असा झाला. दुसरा झाला. शेवटच्या कोरी काढायची वेळ आली तेव्हा सोपानरावांनी यांच्या बाजूला यांच्यासारख्या कोरी काढल्या, बारीक, डावीकडे झुकलेल्या. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या तुकड्यांवर त्यांनी त्याचा सराव केला होता, म्हणे.

साहेब तपासायला आले. सपाटी बरोबर होती. त्यांनी यांच्या बाजूच्या कोरींवरून अंगठा फिरवला, मग सोपानरावांच्या बाजूच्या कोरींवरून फिरवला आणि सही करून गेले.

"त्याला कळलं," हे म्हणाले.

"कळू दे की," सोपानराव म्हणाले. "बेड चुकलाय का? न्हाई. मंग? बरा होशील लेका दोन म्हैन्यात, तवर चालवू आसंच."

"त्यात माझी कोर नाही, सोपान. माझ्या कोरीचं चित्र आहे."

दुसऱ्या दिवशी हे आपणहून साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि हत्यारांच्या स्टोअरमध्ये बदली मागितली. साहेब म्हणाले, "जागा तुझ्यासाठी ठेवतो. हात सुटले की ये." ते मनापासून म्हणाले असावेत. ती जागा पुष्कळ दिवस रिकामी राहिली. मग भरली.

स्टोअरच्या खिडकीत बसून हे पितळी बिल्ले घेऊन हत्यारं द्यायचे. ज्या पात्यांनी आयुष्य काढलं, तीच पाती दुसऱ्यांच्या हातात ठेवायची. एका रविवारी मी त्यांची नखं कापायला बसले. नेलकटर त्यांना दाबता येत नसे. उन्हात हात माझ्या मांडीवर होता, आणि मला दिसलं की नखं स्वच्छ आहेत. पांढरी, गुलाबी, एखाद्या कारकुनासारखी. मी इतकी वर्षं त्या निळ्या रंगावर चिडले होते. एकेक नख कापत गेले आणि मान वर केली नाही. त्यांनीही दुसरीकडे पाहिलं.

आता ड्रमची गोष्ट.

हे आजारी असताना, तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, तो दम लागणारा हिवतापाचा माणूस दुपारी आला होता. मी शाळेत होते. त्यानं ड्रममध्ये ओगराळं बुडवलं आणि ते यांच्या खाटेजवळ आणून दाखवलं. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं. "हेच ते. ह्यातून डास निघतो. हा दिवसा चावतो, आणि त्याच घरात राहतो."

संध्याकाळी यांनी मला ते सांगितलं. ताप होता, आवाज खोल गेलेला. मग म्हणाले, "आईपुढे कधी बोलू नकोस."

"पण पाणी बदलायला हवं."

"तू बदल. ती नसताना. पण तिला हे कळता कामा नये. आयुष्यात तिनं एवढी एकच गोष्ट साठवली."

मी बदलत आले. पौर्णिमेला आत्या विहारात जायच्या. वंदना आणि त्यानंतरच्या गप्पा धरून दुपार जायची. त्यांची पाठ वळली की मी आणि सुजाता ड्रम उपसून कलता करायचो, तळ घासायचो आणि शेजारच्या गल्लीतल्या, दुपारी येणाऱ्या नळावरून भरून ठेवायचो. हे ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचे. हातांनी मदत करता येत नव्हती, म्हणून पहाऱ्याला. "आली, आली," म्हणायचे, आणि सुजाता हसत हसत झाकण लावायची. त्या दुपारी आमच्या घरात पुष्कळ हसू असायचं. मला वाटतं, तापानंतरच्या वर्षांतलं आमचं सगळ्यात जास्त हसू तेच.

मधल्या दिवसांची काळजी आपोआपच मिटली होती. त्या वर्षीपासून आत्या ड्रमच्या तोंडाला जुन्या लुगड्याची दुहेरी घडी ताणून, दोरीनं करकचून बांधायला लागल्या होत्या. "कचरा पडतो," म्हणायच्या.

पौर्णिमेच्या संध्याकाळी त्या फडकं सोडून ड्रममधलं पाणी प्यायच्या आणि थोडं तोंडात धरून ठेवायच्या.

"आज पानी नवं लागतंय."

"नळाला जास्त आलं होतं, आत्या."

"आसंल," त्या म्हणायच्या, आणि फडकं पुन्हा बांधायच्या.

अशी वर्षं गेली. हातांचं दुखणं कधी कमी असे, कधी जास्त. पूर्ण गेलं असं कधी झालं नाही. पावसाळा संपता संपता, हा हिरवट वास आला की ते वाढायचं. हे गमतीनं म्हणायचे की पंचांग बघायची गरज नाही. सायकल भिंतीला टेकलेली राहिली आणि शेवटी विकली. आत्या म्हाताऱ्या होत गेल्या. मुलाची मूठ मिटत नाही हे त्या रोज बघत होत्या. पाला आणत होत्या, एरंडेल चोळत होत्या. यांनी आईच्या हातातून तेल लावून घेताना कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि दुखत असणारच. "तुझ्या हातानं बरं वाटतं, आई," म्हणायचे. ड्रम त्यांच्या दोघांच्या मागे उभा असायचा, काठोकाठ भरलेला.

यांचा जलदान विधी दारातच, ओट्यापुढे मांडव घालून झाला. बुद्धांच्या तसबिरीशेजारी यांचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. सोपानराव कुरुळीहून आले होते, मागच्या रांगेत गुडघे जवळ घेऊन बसले होते. बौद्धाचार्यांनी ताटात एक वाटी ठेवली आणि तांब्या आत्यांच्या हातात दिला. गाथा म्हणत असताना वाटीत पाणी ओतत राहायचं, ती भरून वाहीपर्यंत. जिवंत असणाऱ्यांचं पुण्य गेलेल्याला असं पोचवायचं, हे त्यांनी समजावून सांगितलं.

माझ्या मनात भलतंच आलं. आत्यांना पाणी सांडता येणार नाही, असं वाटलं. वाटी काठापर्यंत आली की त्यांचा हात थांबेल.

वाटी भरली. पाणी काठावर फुगलं आणि ताटात उतरलं. आत्यांचा हात थांबला नाही. ताट भरलं, पाणी सतरंजीवर आलं, सुजाताच्या पावलांपर्यंत आलं. गाथा संपली होती. बौद्धाचार्य हळूच म्हणाले, "पुरे, आई." तांब्या रिकामा झाला तेव्हाच आत्यांनी तो खाली ठेवला.

मग त्या उठल्या. माणसं बाजूला झाली. त्या ड्रमपाशी गेल्या, लुगड्याच्या घडीची दोरी सोडली आणि ड्रमच्या काठाला दोन्ही हात लावून तो ओढायला लागल्या. भरलेला ड्रम काय हलणार. मी धावले. "आत्या, काय करताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या दिशी मी चुलीम्होरं बसले हुते, पुष्पा. वळवळ दावली त्या मानसानं दामूला. समदं ऐकलं मी. तुला काय बोलला, त्ये बी ऐकलं."

मी ड्रमचा काठ धरला.

"मग... रिकामा का नाही केलात, आत्या?"

"रिकामा केला आसता तर त्याला कळलं आसतं, मला ठावं हाय म्हून. मंग त्यानं माझ्याकडनं त्याल लावून घेतलं आसतं का? माझ्या तोंडाकडं बघून हसला आसता का?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पुनवंला तुमी तिघं हसायची. मी विहारातनं कवाच निघायची. गल्लीच्या तोंडाला हुबी ऱ्हायची, तुमचं हून द्यायची."

सोपानराव पुढे आले होते. त्यांनी ड्रमला खांदा लावला, दुसऱ्या बाजूनं मी आणि सुजाता. ड्रम कलला. पाणी ओट्यावरून खाली गेलं, मांडवाच्या बांबूंना वळसे घालत गल्लीत उतरलं. बसलेल्या बायकांनी लुगडी वर घेतली, पायरीवरच्या चपला तरंगत थोड्या पुढे गेल्या. एवढं पाणी वाया जाताना आमच्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. शेजारीण सवयीनं आत धावली आणि बादली घेऊन आली, धारेखाली धरायला वाकली.

आत्यांनी तिच्या हाताला धरलं.

"ऱ्हाऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "जाऊ दे त्याला."